कोण कुणासाठी थांबणार? सोबतीने सायकल चालवण्याची पार्श्वभूमी

मित्रांचा ग्रुप सायकलवर लांब निघाला की पहिला वाद वेगावरून होतो. दोघं-तिघं सुसाट पुढे जातात, मधला घोळका गप्पा मारत चाललेला असतो आणि मागे एखादा चढावर एकटाच झुंजत असतो. पुढच्यांनी थांबायचं का? थांबायचं तर घाटाच्या माथ्यावर की पुढच्या चहाच्या टपरीवर? मागच्याला 'तू ये निवांत' म्हणणं सोपं असतं, पण त्याला ते कसं लागतं हे त्यालाच ठाऊक. हा प्रश्न आपल्याकडे गिअरच्या सायकली आल्यापासून डोकं वर काढतो आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो फार जुना आहे. फ्रान्समध्ये याच मुद्द्यावरून एकाच उपक्रमाच्या दोन वेगळ्या वाटा झाल्या आणि त्यातली एक वाट थेट पुण्या-मुंबईपर्यंत पोचली.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते. १८७८ साली हॅरोगेट या गावी सायकलवरून फिरणाऱ्यांनी एक क्लब काढला. पुढे त्याचं नाव 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' झालं. आजच्यासारखी दोन समान चाकांची, साखळीवर चालणारी सायकल तेव्हा यायची होती. जॉन स्टार्ली यांची 'रोव्हर' १८८५ची आणि डनलॉप यांचा हवेचा टायर १८८८चा. म्हणजे हे लोक पुढचं चाक उंच असलेल्या, तोंडावर पाडणाऱ्या सायकलींवरून गावोगाव फिरत होते, म्हणूनच सोबत लागत होती. क्लबने कामं अगदी व्यवहाराची केली. सभासदांना सवलतीत खोली देणारी हॉटेलं ठरवली. गावोगावी आपला एकेक माणूस नेमला, म्हणजे परक्या मुलखात रस्त्याची माहिती मिळावी. धोकादायक उतारांवर इशारा देणारे फलक उभे केले. १८८६ साली सायकलवाल्यांनी रस्ते सुधारण्यासाठी संघटनाच काढली. मोटारी रस्त्यावर यायच्या आधी चांगल्या रस्त्यासाठी भांडणारे हे लोक होते, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. १८९९ पर्यंत क्लबचे सभासद साठ हजारांवर गेले होते.

याच क्लबने लेडी हार्बर्टन यांची बाजू कोर्टात लढवली. १८९८ मध्ये त्या सायकलवरून सरेमधल्या एका हॉटेलात जेवायला थांबल्या. अंगावर घागऱ्याऐवजी सैल विजार होती, म्हणून मालकिणीने त्यांना मुख्य दिवाणखान्यात बसू दिलं नाही. खटला क्लब हरला. पण सभासदाचा वाटेत अपमान झाला तर सगळ्यांनी मिळून त्याच्या मागे उभं राहायचं, ही रीत त्यातून पडली.

आता वेगाचा मुद्दा. १२ जून १८९७ रोजी इटलीत काही सायकलस्वार रोमहून नेपल्सला निघाले. अंतर २३० किलोमीटर. अट एवढीच की सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पोचायचं. हे धाडस करणाऱ्यांना 'ऑडॅक्स' म्हणजे धाडसी असं नाव पडलं. 'टूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत सुरू करणारे संपादक आंरी देग्रांज यांना ही कल्पना आवडली आणि १९०४ साली त्यांनी फ्रान्समध्ये तिचे नियम घालून दिले. पहिला नियम असा की सगळ्यांनी एकत्र जायचं. पुढे एक कप्तान, वेग तो ठरवणार, त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. थांबे आधीच ठरलेले. या पद्धतीत आज ताशी साडेबावीस किलोमीटर वेग धरतात. म्हणजे तगड्याने स्वतःला आवरायचं आणि कच्च्याने थोडी जास्त मेहनत घ्यायची. निघाले तेवढे सगळे एकदम पोचायचे.

१९२१ मध्ये देग्रांज आणि 'ऑडॅक्स क्लब पॅरिझियाँ' यांच्यात बिनसलं. देग्रांज यांनी क्लबकडून या पद्धतीच्या राइड भरवण्याचा हक्क काढून घेतला, तेव्हा क्लबने त्याच वर्षी स्वतःची वेगळी पद्धत सुरू केली. यात ज्याने त्याने आपल्या चालीने जायचं. कप्तान नाही, वाटेत ठरलेल्या ठिकाणी शिक्का घ्यायचा आणि वेळेच्या मर्यादेत पोचायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. एका हंगामात ही चारही अंतरं पूर्ण करणाऱ्याला 'सुपर रँडोनर' म्हणतात. आपल्याकडे दर महिन्याला जी 'बीआरएम' (ब्रेव्हे दे राँदोनर माँदियो) नावाची राइड होते, ती हीच. पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेली १२०० किलोमीटरची राइडही आता याच नियमांनी चालते. ती चार वर्षांतून एकदा होते आणि त्यासाठी कमाल मुदत ९० तास असते.

या दोन पद्धतींमधून निवडायची झाली, तर मित्रांच्या सहलीला मी जुनी, कप्तानाची पद्धत लावेन. 'आपापल्या चालीने' ही स्वतःला अजमावायची रीत आहे आणि ती थोरच आहे. पण चौघं मित्र एकत्र निघाले आणि दिवसभरात फक्त जेवणाच्या टेबलावर भेटले, तर ती सहल चौघांची होत नाही.

फ्रान्समधलीच आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तिचा परिणाम आपल्यावर फार झाला. सेंत-एतियेनचे पॉल द व्हिव्ही, टोपणनाव 'व्हेलोसिओ', आयुष्यभर गिअरचा पुरस्कार करत राहिले. साध्या माणसाला डोंगर चढता यावा, एवढाच त्यांचा आग्रह. देग्रांज यांचं मत नेमकं उलटं होतं. गिअर पंचेचाळिशीच्या पुढच्यांना, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. 'टूर द फ्रान्स'मध्ये डिरेलर गिअरला, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या गिअरला, परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, हा आज प्रत्येक ग्रुपमध्ये नव्या माणसाला दिला जाणारा सल्लाही व्हेलोसिओंचाच.

मराठी मुलखात सायकल लवकर आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान सुरू केलं, तेव्हा रोव्हर येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, थोरले बंधू रामुअण्णा त्या विकायचे आणि पंधरा रुपये घेऊन चालवायला शिकवायचे. एका सायकलीची किंमत तेव्हा सातशे ते हजार रुपये होती असं सांगतात. म्हणजे हे श्रीमंतांचं वाहन होतं. किर्लोस्करांच्या पुढच्या सगळ्या कारखानदारीचं मूळ या दुकानात आहे.

सोबतीने लांब जाण्याची आपल्याकडची पहिली मोठी गोष्ट मुंबईच्या पारशी तरुणांची. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा जण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. इराण, इराकचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असं करत १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईला परतले ते तिघं: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा. साडेचार वर्षं तीन माणसं एकमेकांच्या चालीशी जमवून घेत राहिली, ही मला त्या सत्तर हजार किलोमीटरपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

स्वातंत्र्यानंतर ॲटलस, हीरो, सेन-रॅले, टीआय अशा देशी कारखान्यांमुळे सायकल सामान्यांच्या हाती आली आणि पुणं सायकलींचं शहर म्हणून गाजू लागलं. नगरपालिकेचा बिल्ला, डायनामोचा दिवा, डबलसीट पकडणारा पोलीस, तासावर भाड्याने मिळणारी सायकल हे त्या काळात वाढलेल्या पिढीला तोंडपाठ आहे. सुट्टीच्या दिवशी याच सायकली खडकवासल्याला आणि सिंहगडाला जायच्या. पायथ्याशी आतकरवाडीत सायकली लावायच्या, पायवाटेने गड चढायचा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं आणि अंधाराआधी घरी. त्याला कुणी सायकलिंग म्हणत नसे, सहलच म्हणायचे.

या सहलीत कोण कुणासाठी थांबणार हा प्रश्न फारसा यायचा नाही, आणि त्याचं कारण सायकलीतच होतं. तिचं वजन वीस किलोच्या आसपास. पुढच्या चकतीला साधारण ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडल एकदा पूर्ण फिरवलं की सायकल पाच मीटरांहून जास्त पुढे सरकायची. सपाटीवर हे उत्तम, पण घाटात एवढं अंतर एका पायडलमध्ये ओढणं भल्याभल्यांना जमत नाही. त्यामुळे कात्रज असो की खंबाटकी, चढ लागला की बहुतेक सगळे खाली उतरायचे आणि हँडल धरून, गप्पा मारत सायकली ढकलायचे. तगडा आणि कच्चा तिथे सारखेच. आजच्या रोडबाइकवर सर्वात हलक्या गिअरला तेच अंतर सव्वादोन मीटरांच्या आसपास येतं. त्यामुळे माणूस सायकलवर बसूनच घाट चढतो, पण ज्याचा दम जास्त तो अर्धा तास आधी माथ्यावर असतो. व्हेलोसिओंच्या गिअरने डोंगर सगळ्यांना खुला केला आणि त्याच गिअरने सोबतीत अंतरही पाडलं.

मधल्या काळात सायकल मागे पडली. १९७२ मध्ये पुण्याच्याच फिरोदियांची लूना आली, त्याच वर्षी आकुर्डीत बजाजची चेतक. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, तरी जमेल त्याने सायकल सोडली. सायकल उरली ती शाळकरी मुलांकडे आणि ज्यांना दुसरं काही परवडत नव्हतं त्यांच्याकडे. एका पिढीने तिच्याकडे गरिबीची खूण म्हणून पाहिलं, हे दुःखाने नोंदवायला हवं. पुण्याच्या रस्त्यांवर त्याचे परिणाम आजही दिसतात. सायकल ट्रॅक आखले गेले, पण त्यांवर गाड्या लागतात.

पुन्हा वारं फिरलं २००५ नंतर. फायरफॉक्ससारख्या कंपन्यांनी गिअरच्या सायकली आणल्या, पाठोपाठ डेकॅथलॉनची दुकानं आली. २०१० च्या सुमारास मुंबई-पुण्याकडे बीआरएम सुरू झाल्या आणि नोकरी-धंदा करणारी, चाळिशीतली माणसं रात्रभर सायकल चालवू लागली. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. आळीपाळीने चालवत सुमारे ४८०० किलोमीटर. ही शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. पुढे २०१७ मध्ये नाशिकमध्ये राहणारे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. नाशिकहून पंढरपूरला दरवर्षी सायकलवारी जाते, शेकडो माणसं असतात. देग्रांज यांच्या कप्तानाशी वारकऱ्यांचा काही संबंध नाही, पण दिंडी सोडून पुढे पळायचं नाही ही शिस्त आपल्या अंगात आधीपासून होतीच.

रस्त्यांचं मात्र वाईट झालं. द्रुतगती महामार्गावर सायकलला बंदी आहे, तेव्हा मुंबई-पुणे करायचं तर जुना रस्ता आणि बोरघाट. १८३० साली खुला झालेल्या या घाटात, खोपोली सोडून वर चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो हाच, असं लोक सांगतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतली खरी कसोटी याच चढावर लागते आणि इथे पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. शर्यत नसते त्या दिवशी देवळापाशी थांबून मागच्यांची वाट पाहायची, असा अनेक ग्रुपांचा शिरस्ता आहे.

बहुतेक ग्रुपांनी आता मधला मार्ग काढला आहे. पुढे एक रस्ता माहीत असलेला 'लीड', सर्वात मागे पंक्चर काढता येणारा 'स्वीप'. सपाटीवर एकत्र, घाटात ज्याची त्याची चाल, माथ्यावर सगळे जमेपर्यंत कुणी हलायचं नाही. स्वीप हा ग्रुपमधला सर्वात दमदार माणूस असावा, असं माझं ठाम मत आहे. दमलेल्या माणसाला दमलेला सोबती काय आधार देणार?

सगळ्यांना हमखास एकत्र ठेवणारा रस्ता मात्र कोकणात आहे. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, मग आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते, सायकली फेरीबोटीत चढवाव्या लागतात आणि बोट तिच्या वेळेलाच सुटते. तासभर आधी पोचलेल्यालाही धक्क्यावर बसून राहावं लागतं. तोवर मागचे येतात, कुणीतरी सोलकढी शोधून काढतो आणि सगळे एकाच बोटीने पलीकडे जातात. रेवस–रेड्डी सागरी महामार्गावर या खाड्यांवर पूल बांधण्याचं काम हाती घेतलेलं आहे. ज्यांनी हा रस्ता अजून केलेला नाही त्यांनी पूल व्हायच्या आत, मोठ्या ग्रुपने आणि फेरीचं वेळापत्रक खिशात ठेवून तो जरूर करावा.