मुलांच्या स्वादुपिंडातील गाठ आणि ‘काही महिन्यांचा सोबती’ हा गैरसमज

परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर रिपोर्टांची पिशवी छातीशी धरून बसलेल्या आईवडिलांना कुणी ना कुणी ऐकवतेच, की स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हणजे काही महिन्यांचा सोबती. हा समज प्रौढांच्या आजारावरून आला असून मुलांना तो सरसकट लावणे चूक आहे, आणि क्रूरही. प्रौढांत नेहमी आढळणारा अ‍ॅडेनोकार्सिनोमा हा कॅन्सरचा प्रकार मुलांत अत्यंत विरळ. किशोरवयीन मुलींमध्ये प्रामुख्याने दिसणारी सॉलिड स्यूडोपॅपिलरी गाठ सावकाश वाढते, आणि शस्त्रक्रियेने ती पूर्ण काढता आली तर 95 टक्क्यांच्या आसपास रुग्ण 5 वर्षांनंतरही हयात असतात. बहुतेकींना केमोथेरपी लागतही नाही. लहानग्यांतील पॅन्क्रियाटोब्लास्टोमा हा स्वादुपिंडाचा कॅन्सर मात्र अधिक आक्रमक असतो. त्यात रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन अनेकदा वाढलेले आढळते, जे निदानाला आणि पुढे उपचार लागू पडतो आहे की नाही हे पाहायलाही उपयोगी पडते. गाठ लगेच काढण्याजोगी नसेल, तर आधी सिस्प्लॅटिन व डॉक्सोरुबिसिन ही केमोथेरपीची औषधे देऊन ती आक्रसवली जाते. प्रौढांसारखी कावीळ मुलांत सहसा दिसत नाही. आंघोळ घालताना पोटावर हाताला लागलेला टणक गोळा हीच पुष्कळदा पहिली खूण असते. तो जंत किंवा गॅस समजून दिवस न दवडता लगेच सोनोग्राफी करून घ्यावी.