‘वारंवार सूचना देऊनही...’

आमच्या सोसायटीच्या फलकावर दर दोन-तीन महिन्यांनी एक सूचना लागते आणि तिची सुरुवात ठरलेली असते: ‘वारंवार सूचना देऊनही बहुसंख्य सभासद ओला व सुका कचरा वेगळा करत नाहीत, ही अत्यंत खेदाची बाब आहे.’ सचिवांचा खेद अगदी खरा असतो. पण मागच्या वेळी ती वाचून तिसऱ्या मजल्यावरचे काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “म्हणजे मी एकटाच नाही तर!” चेहऱ्यावर चक्क समाधान.

काकांनी त्या सूचनेतून नेमकं ‘बहुसंख्य’ एवढंच उचललं, याचं सामाजिक मानसशास्त्राला नवल वाटणार नाही. कसं वागायचं हे आपण दोन गोष्टींवरून ठरवतो: चारचौघं काय करावं म्हणतात आणि चारचौघं प्रत्यक्षात काय करतात. पहिलीला सांगायची रीत म्हणू, दुसरीला चालती रीत. शास्त्रातली नावं याहून जड आहेत. दोन्ही एका दिशेला असतील तर प्रश्नच नाही. सूचना लिहिणारा मात्र सांगायची रीत सांगता सांगता चालती रीत जाहीर करून बसतो.

रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर हे ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात तपासलं. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले तुकडे पडलेले असतात आणि पर्यटक ते खिशात घालतात. संशोधकांनी खुणा केलेले तुकडे वाटेवर ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. ‘पूर्वी आलेल्या अनेकांनी तुकडे नेल्याने उद्यानाचं रूप बदललं आहे’ अशा अर्थाची पाटी होती तेव्हा 7.92 टक्के तुकडे गेले. ‘कृपया तुकडे नेऊ नका’ एवढीच विनंती होती तेव्हा 1.67 टक्के. हळहळणारी पाटी साध्या पाटीपेक्षा जवळजवळ पाचपट महाग पडली.

बरं, चालती रीत शब्दांत सांगावी लागतेच असं नाही. ती जमिनीवर पडलेली दिसते, भिंतीवर दिसते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात केलेले आणि 2008 साली प्रसिद्ध झालेले काही प्रयोग मला फार पुणेरी वाटतात. एका गल्लीत सायकली लावायची जागा होती आणि भिंतीवर काही रंगवायला मनाई असल्याची पाटी. संशोधकांनी प्रत्येक सायकलच्या हँडलला एक जाहिरातीचा कागद अडकवला. जवळ कचरापेटी नव्हती. भिंत कोरी होती तेव्हा 33 टक्के लोकांनी कागद तिथेच टाकला किंवा दुसऱ्याच्या सायकलला अडकवला. त्याच पाटीखाली भिंत रंगवून ठेवली, तर 69 टक्क्यांनी. पाटी दोन्ही वेळा होती! दुसऱ्यांदा ती फक्त एवढंच सांगत होती, की इथे पाटीला कुणी विचारत नाही.

त्यांनी आणखी एक केलं. टपालपेटीतून पाच युरोची नोट दिसेल असं पाकीट अर्धवट बाहेर ठेवलं. पेटी आणि परिसर स्वच्छ असताना ते 13 टक्के लोकांनी लांबवलं. पेटी रेघोट्यांनी भरलेली असताना 27 टक्क्यांनी, आजूबाजूला कचरा असताना 25 टक्क्यांनी. भिंतीवरच्या रेघोट्यांचा चोरीशी काय संबंध? एवढाच, की एक नियम धाब्यावर बसवलेला दिसला की शेजारचा नियमही सैल वाटू लागतो. महापालिका ज्याला ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणते, त्या कोपऱ्यावर ‘येथे कचरा टाकू नये’ या पाटीच्या बरोबर खाली ढीग का असतो, हे कोडं मला इथे बरंचसं उलगडलं. ढीग उचलून पाटी ठेवली तर ती पाटी. ढिगावरची पाटी म्हणजे पत्ता.

मला सगळ्यात गंमत वाटते ती चाल्डिनींच्याच 1990 सालच्या एका प्रयोगाची. वाहनतळावर लोकांच्या गाड्यांच्या काचेवर कागद लावले होते. आधीच कचरा असेल तर 32 टक्के लोक कागद खाली टाकत आणि समोर कुणी टाकताना दिसला की 54 टक्के. हे अपेक्षितच. पण जागा लख्ख असताना 14 टक्के टाकायचे, आणि तिथे त्यांच्या डोळ्यांदेखत कुणी टाकला तर ते प्रमाण वाढण्याऐवजी 6 टक्क्यांवर आलं. झाडलेल्या अंगणात एकाने कागद टाकला की अंगण झाडलेलं आहे, हे तेव्हा कुठे लक्षात येतं.

दरडावण्याचंही तसंच. 1976 साली अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या स्वच्छतागृहांत ‘कोणत्याही परिस्थितीत भिंतीवर लिहू नका’ आणि ‘कृपया लिहू नका’ अशा पाट्या लावून पाहिल्या, तेव्हा जास्त लिखाण दरडावणाऱ्या पाटीवर झालं. स्वातंत्र्यावर कुणी बोट ठेवलं की ते बजावून दाखवावंसं वाटतं. ‘लावल्यास हवा सोडली जाईल’ छापाच्या पुणेरी पाट्या तरतात, त्या माझ्या मते विनोदामुळे. हसलेला माणूस भांडायचं विसरतो.

हे सगळं वाचून मी सचिवांना नवा मजकूर लिहून दिला. आकडा खरा हवा म्हणून कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना विचारून घेतला: ‘आपल्या 24 पैकी 17 घरांतून कचरा वेगळा करून दिला जातो. त्यांचे आभार.’ सचिवांना तो पसंत पडला. दुसऱ्या दिवशी फलकावर जसाच्या तसा लागलाही. खाली लाल पेनाने एका ओळीची भर होती: ‘उरलेल्या 7 जणांची नावे आम्हांस ठाऊक आहेत.’