उतारवयातल्या घोडीला ठेंगणाच घोडा हवा?
सोळा-सतरा वर्षांच्या घोडीला लहान चणीचाच घोडा लावावा, नाहीतर शिंगरू अडतं, हा समज चुकीचा आहे. जन्मावेळी शिंगराचं माप मुख्यतः आईचं गर्भाशय ठरवतं. १९३८ साली वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी अवाढव्य शायर व चिमुकल्या शेटलंड या घोड्यांच्या जातींचा दोन्ही बाजूंनी संकर केला. शायर घोड्यापासून झालेली शेटलंड घोडीची शिंगरं शुद्ध शेटलंड शिंगरांच्याच मापाची जन्मली.

खरा धोका वेगळाच: भरवल्यावर (घोडा लावल्यावर) गर्भाशयात पाणी साचतं, दाह होतो आणि गर्भ टिकत नाही. म्हणून घोड्याची उंची सोडा, त्याच्याकडून किती घोड्या गाभण राहिल्या ते विचारा. ताजं वीर्यच बरं. गोठवलेलं असेल तर बीज सुटल्यापासून सहा तासांची वेळ गाठावी लागते. आधी गर्भाशयातला स्वॅब (बोळ्याने घेतलेला नमुना) तपासा. माजात एकदाच भरवा. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी कराच. पाणी दिसलं तर पशुवैद्य सलाइनने गर्भाशय धुऊन गर्भाशय आकुंचित करणारं ऑक्सिटोसिन देतात.