हातातला कन्सोल की घरातला : शंभर तासांची आरपीजी कोठे खेळावी?

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरील गेमच्या एखाद्या दुकानात काचेच्या काउंटरमध्ये निन्टेन्डो स्विच, स्विच लाइट, स्टीम डेक आणि प्लेस्टेशन पोर्टल शेजारीशेजारी मांडलेले दिसले, तर नवख्या ग्राहकाला ही चारही यंत्रे एकाच जातकुळीची वाटतात, आणि त्यात त्याचा दोष नाही. मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना स्टिक आणि बटणे, असे सगळ्यांचे बाह्यरूप जवळपास सारखेच आहे. तरीही त्यांतील स्विच लाइट निव्वळ हातात धरून खेळण्यासाठी आहे आणि तो टीव्हीला जोडता येत नाही. साधा स्विच डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या बैठकीत, बसवला की घरचा कन्सोल होतो. स्टीम डेक हा मुळात हातात धरता येणारा संगणक आहे. आणि पोर्टलच्या आत तर गेम चालतच नाही, तो दुसरीकडे, म्हणजे एरवी घरी टीव्हीखाली ठेवलेल्या पीएस५ (प्लेस्टेशन ५) या कन्सोलवर, चाललेला गेम वाय-फायवरून दाखवतो. चर्चगेटहून सुटलेल्या गाडीत पोर्टल उघडून आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन लांब कथा खेळण्याचा गेम) पुढे नेण्याचा बेत असेल, तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते चित्र बोरिवलीपर्यंत सलग टिकेल अशी आशा मुंबईकराने तरी धरू नये.

तेव्हा आकारावरून यंत्राची जात ओळखण्यात अर्थ नाही. ताकदीवरून ओळखावी, तर तो निकषही दर चार-पाच वर्षांनी शिळा होतो. लांब आरपीजीपुरते बोलायचे, तर हँडहेल्ड, म्हणजे हातातला कन्सोल, आणि घरचा कन्सोल यांतील खरा भेद मला एकाच ठिकाणी दिसतो : खेळ कोणत्या क्षणी थांबवायचा हे खेळाडू ठरवतो की गेम ठरवतो. आठ-दहा तासांत संपणाऱ्या गेममध्ये हा प्रश्न फारसा जाणवत नाही. साठ ते शंभर तासांचा गेम मात्र नोकरी, संसार आणि प्रवास सांभाळून खेळणाऱ्या माणसाला काही महिने पुरतो, आणि त्या काळात तो इतक्या वेळा थांबवून पुन्हा सुरू केला जातो की थांबण्याची सोय कशी आहे यावरच तो पूर्ण होईल की अर्धवट राहील हे ठरते.

घरच्या कन्सोलवरील आरपीजी सुरुवातीपासूनच आपल्या अटींवर थांबणाऱ्या होत्या. १९८६ साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरच्या कन्सोलवर आलेल्या पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये प्रगती जपायची तर राजाच्या दरबारात परत जाऊन वीस अक्षरांचा सांकेतिक मजकूर उतरवून घ्यावा लागे, आणि त्यातले एक अक्षर चुकले की तो मजकूर निरुपयोगी ठरे. पुढे प्रगती साठवून ठेवणारे मेमरी कार्ड आले. प्लेस्टेशनच्या कार्डावर पंधरा ब्लॉक, म्हणजे साठवणीचे कप्पे, असत. १९९७च्या ‘फायनल फँटसी ७’मध्ये जगाच्या नकाशावर फिरताना कोठेही सेव्ह करता येई, परंतु गुहेत किंवा इमारतीत शिरल्यावर नेमून दिलेल्या सेव्ह पॉइंटपर्यंत पोहोचावेच लागे. ही केवळ तांत्रिक अडचण होती असे मात्र नाही. पुढचा सेव्ह पॉइंट किती दूर आहे हे ठाऊक नसताना औषधे संपत आलेल्या पथकाला घेऊन चालत राहण्यात जो ताण असतो, तो या प्रकारच्या गेमच्या रचनेचाच भाग आहे, आणि जेवायला बोलावणे आले तरी ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून अर्धा तास न उठणारा खेळाडू त्या ताणातूनच तयार झालेला आहे.

त्याच काळात, १९९६ साली, जपानमध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉय या हँडहेल्डवर पहिले ‘पोकेमॉन’ आले. मूळ गेम बॉय चार पेन्सिल सेलवर चाले आणि सेल कधी मान टाकतील याचा भरवसा नसे, म्हणून लढाई चालू नसेल तेव्हा मेनू उघडून कोठेही सेव्ह करण्याची मुभा त्या गेमने दिली. २००४ साली निन्टेन्डो डीएस आला, त्याचे झाकण मिटले की यंत्र झोपी जाई, आणि उघडले की पात्र जिथे उभे होते तिथेच उभे असे. हँडहेल्डवर आरपीजी खेळण्याची सवय माझ्या मते या झाकणाने लावली.

इथे दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते, आणि ती महागात पडते. यंत्र झोपवणे वेगळे आणि सेव्ह करणे वेगळे. झोपवलेल्या यंत्रात चालू गेमची स्थिती तात्पुरत्या मेमरीत असते आणि तिला जिवंत राहण्यासाठी थोडीथोडकी का होईना, वीज लागते. सेव्ह केलेली नोंद कायमच्या साठवणीत लिहिली जाते आणि तिला वीज लागत नाही. हँडहेल्डला स्वतःची बॅटरी असल्यामुळे ही झोप सहसा सुरक्षित असते. बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत चार्जरला न लावल्यासच ती मोडते. पीएस५ रेस्ट मोडमध्ये, म्हणजे बंद न करता झोपवून, ठेवला तर तीच सोय घरच्या कन्सोलवरही मिळते, परंतु तिथे वीज भिंतीतल्या प्लगमधून येते. मुंबई शहरात दिवे क्वचित जातात, कल्याण-डोंबिवली किंवा वसई-विरारकडे पहिल्याच जोरदार पावसात जातात; आणि गेले की झोपलेला गेम संपतो, शेवटच्या सेव्हपासून पुन्हा चालावे लागते. तेव्हा ज्याच्या घरी पावसाळ्यात विजेचा खेळखंडोबा असतो, त्याने रेस्ट मोडच्या भरवशावर झोपी जाऊ नये.

‘पर्सोना’ या जपानी आरपीजी मालिकेत हा भेद फार स्पष्ट दिसतो. या गेमचे कॅलेंडर असते : दिवसा शाळा, दुपारी मित्रमंडळी, रात्री अभ्यास किंवा अर्धवेळ नोकरी, आणि अधूनमधून मोठी मोहीम. २०१६ साली प्लेस्टेशनवर आलेल्या ‘पर्सोना ५’मध्ये अशा मोहिमेत ठरावीक सुरक्षित खोल्यांतच सेव्ह करता येते. एका खोलीतून निघून पहारेकऱ्यांना चुकवत दुसरी खोली गाठेपर्यंत सहज अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासात घरात कोणीही हाक मारलेली परवडत नाही. याउलट शाळेतला एक दिवस दहा मिनिटांत उरकतो. म्हणजे एकाच गेममध्ये दोन निरनिराळ्या लांबीचे घास आहेत. ‘पर्सोना ३’ २००६ साली पीएस२वर आला तेव्हा त्यात शाळेत आणि गावात पात्राला प्रत्यक्ष चालवत न्यावे लागे. तोच गेम २००९ साली पीएसपी या हातातल्या प्लेस्टेशनवर आणताना निर्मात्यांनी ते चालणे काढून टाकले आणि स्थिर चित्रावर कर्सर फिरवून हव्या त्या व्यक्तीशी बोलण्याची सोय केली. यामागे पीएसपीच्या मर्यादा होत्याच, पण प्रवासात खेळणाऱ्याच्या ते पथ्यावर पडले, कारण पंधरा मिनिटांत पूर्वीपेक्षा बरेच काही उरकू लागले. वातावरण मात्र थोडे आटले, हेही मान्य केले पाहिजे. गेममधल्या वसतिगृहाच्या जिन्यावरून स्वतः उतरणे आणि यादीतून तळमजला निवडणे यांत अंतर आहे.

मुंबईत या भेदाला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे टीव्ही कोणाचा. वन रूम किचनमध्ये किंवा वन बीएचकेच्या हॉलमध्ये टीव्ही एकच असतो आणि संध्याकाळी सातनंतर त्यावर आईच्या मालिका, बाबांच्या बातम्या किंवा क्रिकेटचा सामना यांचा हक्क असतो. घरचा कन्सोल कितीही ताकदवान असला तरी त्याला रात्री साडेदहापर्यंत ताटकळावे लागते. त्यानंतर हेडफोन लावून, दिवा मालवून, कोणाच्या अंथरुणाला पाय लागणार नाही अशा बेताने बसून जो दीड तास मिळतो तोच त्याचा. विशेष म्हणजे हा दीड तास सलग असतो, आणि मोठ्या लढाया, कथेतील लांब दृश्ये व संगीत यांना तो फार मानवतो. हँडहेल्डला दिवसभरात कदाचित यापेक्षा जास्त वेळ मिळतो, परंतु तो तुकड्यातुकड्यांनी मिळतो.

लोकलमध्ये हँडहेल्ड खेळता येतो या समजुतीलाही मर्यादा आहेत. सकाळी साडेआठच्या विरार फास्टमध्ये किंवा बदलापूरहून भरून आलेल्या गाडीत खिशातला मोबाइल काढायलाही कोपर हलत नाही, तिथे दोन्ही हातांनी यंत्र धरण्याची गोष्टच सोडा. खेळणे जमते ते बसायला मिळाले तर : सुरुवातीच्या स्टेशनावर चढणाऱ्यांना, उलट दिशेच्या गाडीत आधीच शिरून जागा धरणाऱ्यांना, किंवा रात्री दहानंतर परतणाऱ्यांना. सीएसएमटी ते बदलापूर हा साधारण दीड तासाचा प्रवास बसून झाला, तर त्या वेळात एखादे उपकथानक आरामात संपते. आवाजाची मात्र आशा सोडावी. संवाद वाचूनच खेळावे लागते, आणि ज्या गेममध्ये पात्रांचा अभिनय हाच निम्मा आनंद आहे तो अशा वेळी उघडू नये.

येथे गेमच्या प्रकाराचाही विचार करावा लागतो, आणि माझ्या मते तो यंत्राच्या विचाराइतकाच महत्त्वाचा आहे. पाळीपाळीने चालणाऱ्या लढाईत, उदाहरणार्थ ‘पोकेमॉन’मध्ये, हल्ला, पिशवी, अदलाबदल आणि पळ हे चार पर्याय समोर ठेवून गेम निमूटपणे थांबून राहतो. दादरला शेजारचा उठला, पिशवी मांडीवरून खाली घ्यावी लागली, दोन मिनिटे गेली, तरी शत्रू जागचा हलत नाही. ‘एल्डन रिंग’सारख्या २०२२च्या गेममध्ये मात्र लढाई मधेच थांबवण्याचे साधे बटण नाही, तो गेम स्टीम डेकवर चालतो हे खरे, पण तो गर्दीत खेळणे म्हणजे स्वतःच्या जिवाला घोर लावून घेणे आहे. असा गेम घरी, मोठ्या पडद्यावर, दोन्ही पाय पसरून खेळावा.

पडद्याच्या बाबतीत ‘द विचर ३’चे उदाहरण बोलके आहे. २०१५ साली मोठ्या कन्सोलसाठी आणि संगणकासाठी निघालेला हा गेम २०१९ साली स्विचवर आला, तेव्हा संपूर्ण खेळ ३२ जीबीच्या एका कार्ट्रिजमध्ये (गेम साठवलेल्या, यंत्रात घालायच्या छोट्या कार्डात) बसवलेला पाहून अनेकांना नवल वाटले. त्यासाठी हातात खेळताना चित्र जास्तीत जास्त ५४०पी आणि डॉकमध्ये ७२०पी ठेवावे लागले (हा आकडा जितका मोठा तितके चित्र रेखीव). दूरची झाडे पुसट दिसतात, याची सवय होते. डोळ्यांना खरा त्रास होतो तो वस्तूंची वर्णने, पत्रे आणि औषधांच्या पाककृती यांच्या बारीक अक्षरांचा, कारण मोठ्या टीव्हीच्या हिशेबाने मांडलेला मजकूर सहा-सव्वासहा इंचांच्या पडद्यावर आकसतो. आरपीजीमध्ये वाचन भरपूर असते. ज्याला चाळिशीचा चष्मा लागला आहे त्याने विकत घेण्यापूर्वी अक्षरांचा आकार वाढवण्याची सोय गेममध्ये आहे का, हे ग्राफिक्सच्या आधी तपासावे. २०२५ साली आलेल्या स्विच २चा पडदा ७.९ इंचांचा आणि १०८०पी असल्यामुळे ही तक्रार कमी होते, पण त्याचे वजन कंट्रोलरसह सुमारे ५३४ ग्रॅम आहे. पहिला स्विच सुमारे ३९८ ग्रॅमचा होता आणि पहिला स्टीम डेक सुमारे ६६९ ग्रॅमचा. अंथरुणावर उताणे पडून खेळणाऱ्यांना हे आकडे तासाभरात मनगटात जाणवतात.

बॅटरीविषयी थोडक्यात सांगायचे तर पहिल्या स्विचसाठी कंपनीने अडीच ते साडेसहा तास सांगितले होते, २०१९च्या सुधारित आवृत्तीसाठी साडेचार ते नऊ, आणि स्विच २साठी दोन ते साडेसहा. मोठ्या आरपीजी सहसा खालच्या आकड्याकडे झुकतात, म्हणून पॉवर बँक जवळ ठेवावी.

दोन्ही प्रकारांचा लाभ घ्यावा असे वाटणाऱ्याने सेव्ह कोठे राहते आणि ते एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाते का, हे आधी पाहावे. स्विचवर हा प्रश्नच उरत नाही, कारण रात्री डॉकमध्ये आणि दिवसा हातात तेच यंत्र असते. घरात रुसवेफुगवे टाळून लांब आरपीजी पूर्ण करायची असेल तर मी तरी हाच मार्ग सुचवीन. स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमचे सेव्ह बहुधा क्लाउडमधून, म्हणजे इंटरनेटवरील साठवणीतून, संगणक आणि डेक यांच्यात ये-जा करते. ‘द विचर ३’च्या स्विच आवृत्तीला २०२० साली संगणकावरील सेव्ह आणण्याची सोय मिळाली, परंतु गेम दोन्हीकडे विकत घ्यावा लागतो. पीएस५वर अर्धी केलेली ‘पर्सोना ५ रॉयल’ (‘पर्सोना ५’ची वाढीव आवृत्ती) स्विचवर पुढे नेता येत नाही. तिथे पुन्हा पहिल्या दिवसापासून शाळेत जावे लागते.

जुन्या गेम बॉयच्या काळात सेव्ह कार्ट्रिजमध्येच असे आणि आतल्या छोट्या बॅटरीवर टिकून राही. म्हणून जुन्या बाजारातून घेतलेल्या ‘पोकेमॉन’च्या कार्ट्रिजमध्ये कधी कोणा अनोळखी मुलाचे पथक सापडते, तर कधी बॅटरी संपल्यामुळे काहीच सापडत नाही. स्विचमध्ये याच्या उलट आहे : सेव्ह यंत्राच्या अंतर्गत साठवणीत राहते, कार्ट्रिजमध्येही नाही आणि मेमरी कार्डावरही नाही. कार्ट्रिज मित्राला दिले तर आपली प्रगती आपल्याकडेच राहते, पण यंत्र गाडीच्या रॅकवर राहिले तर कार्ट्रिज घरी असूनही उपयोग नाही. अनेक गेमना निन्टेन्डोच्या सशुल्क सदस्यत्वात क्लाउडवर प्रत ठेवता येते. ‘पोकेमॉन स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’ यांना मात्र ती सोय नाही, आणि त्यांचे सेव्ह नव्या स्विचवर न्यायचे असेल तर जुना स्विच चालू स्थितीत असावा लागतो.