सुपरफिश : पूर्वस्थापित सॉफ्टवेअरमधील सुरक्षा-त्रुटी व तिचे निराकरण

सुपरफिश : लेनोव्हो कंपनीच्या काही घरगुती वापराच्या लॅपटॉपांवर २०१४–१५ मध्ये विक्रीपूर्वीच बसवून दिलेल्या जाहिरातदर्शक सॉफ्टवेअरचे रूढ नाव. काटेकोरपणे पाहता सुपरफिश हे ते तयार करणाऱ्या कंपनीचे नाव असून सॉफ्टवेअरचे नाव ‘व्हिज्युअल डिस्कव्हरी’ असे होते. तथापि लॅपटॉपमध्ये घातलेल्या डिजिटल प्रमाणपत्रावर कंपनीचेच नाव असल्यामुळे तेच प्रचारात आले व पुढे त्रुटीलाही चिकटले. सुरक्षा-त्रुटींच्या सीव्हीई या सार्वजनिक यादीत ती सीव्हीई-२०१५-२०७७ या क्रमांकाने नोंदलेली आहे. ग्राहक एखाद्या संकेतस्थळावर वस्तूच्या चित्रावर माउस नेई, तेव्हा तशाच दिसणाऱ्या वस्तूंच्या जाहिराती दाखवणे, एवढेच या सॉफ्टवेअरचे काम होते.

हे सॉफ्टवेअर केव्हापासून बसवले जाऊ लागले, याविषयी एकवाक्यता नाही. लेनोव्होच्या फेब्रुवारी २०१५ मधील निवेदनात सप्टेंबर ते डिसेंबर २०१४ असा काळ दिला आहे, तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या तक्रारीत विक्रीचा आरंभ ऑगस्ट २०१४ असा धरला आहे. कमिशनची तारीख चौकशीअंती ठरलेली असल्याने ती अधिक ग्राह्य वाटते. शेवटाच्या तारखेबाबतही असाच फरक पडतो, कारण कंपनीने नव्या लॅपटॉपांवर ते बसवणे थांबवल्यानंतरही दुकानांत पडून असलेला माल जून २०१५ पर्यंत विकला जात होता, असे कमिशनने नमूद केले आहे. जी, यू, वाय, झेड, एस, फ्लेक्स, मिक्स, योगा आणि ई या मालिकांतील काही प्रारूपे बाधित होती. थिंकपॅड मालिकेवर हे सॉफ्टवेअर नव्हते.

त्रुटीचे स्वरूप समजण्यासाठी सुरक्षित जोडणीची रीत लक्षात घ्यावी लागते. एचटीटीपीएस पद्धतीने बँकेचे संकेतस्थळ उघडल्यावर ते आपले प्रमाणपत्र ब्राउझरपुढे ठेवते आणि त्यावरील स्वाक्षरी संगणकातील विश्वसनीय मूळ प्रमाणपत्रांच्या साठ्याशी जुळते की नाही, हे ब्राउझर तपासतो. अशा कूटबद्ध, म्हणजे सांकेतिक रूपात येणाऱ्या, पानात बाहेरच्या कोणालाही जाहिरात घुसवता येत नाही. ही अडचण ओलांडण्यासाठी सुपरफिशने कोमोडिया या इस्रायली कंपनीचा तयार घटक वापरला. हा घटक लॅपटॉपमध्येच ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्या मध्ये बसे, आलेली जोडणी उलगडून पाही, जागच्या जागी त्या संकेतस्थळाच्या नावाचे नवे प्रमाणपत्र बनवी आणि त्यावर सुपरफिशच्या मूळ प्रमाणपत्राची स्वाक्षरी करून ते ब्राउझरला देई. हे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वसनीय साठ्यात आधीच घातलेले असल्यामुळे ब्राउझर कोणतीही सूचना देत नसे आणि कुलपाचे चिन्ह नेहमीसारखेच दिसे. फेब्रुवारी २०१५ मध्ये गूगलमधील सुरक्षा अभियंता ख्रिस पामर यांनी बँक ऑफ अमेरिकाच्या नावाचे, पण सुपरफिशची स्वाक्षरी असलेले प्रमाणपत्र चित्रासह दाखवले, तेव्हा या प्रकाराकडे सर्वांचे लक्ष गेले.

अशा स्वाक्षरीसाठी मूळ प्रमाणपत्राची खासगी किल्ली, म्हणजे स्वाक्षरी करण्याचा गुप्त संकेत, लॅपटॉपवरच असावी लागते. प्रत्येक लॅपटॉपसाठी वेगळी किल्ली निर्माण करणे शक्य असताना येथे सर्व लॅपटॉपांवर एकच १०२४ बिटांची किल्ली होती. म्हणजे अख्ख्या गावाच्या कुलपांना एक किल्ली आणि तिची प्रत घरोघरी, असा हा प्रकार होता. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी एरॅटा सिक्युरिटी या संगणक-सुरक्षा कंपनीचे रॉबर्ट ग्रॅहम यांनी ती किल्ली बाहेर काढली. चालू सॉफ्टवेअरची स्मृती फाइलमध्ये उतरवून त्यांनी कुलूपबंद किल्ली शोधली आणि त्याच स्मृतीत सापडलेले शब्द एकामागून एक लावून पाहिले असता ‘कोमोडिया’ हाच परवलीचा शब्द निघाला. यानंतर त्याच वाय-फायवर असलेल्या कोणालाही बाधित लॅपटॉपापुढे बँकेचे सोंग घेता येणे शक्य झाले. पुढे सुरक्षा-संशोधक फिलिप्पो वाल्सोर्डा यांनी दाखवले की, किल्लीचीही गरज नाही. मूळ संकेतस्थळाचे प्रमाणपत्र खोटे असल्यास कोमोडियाचा घटक त्यावरील मुख्य नाव बिघडवून ब्राउझरला इशारा देण्यास भाग पाडी. परंतु पर्यायी नावांचा रकाना तसाच उतरवून घेई, आणि ब्राउझर त्या नावांनाही मान देतात. त्यामुळे खोट्या प्रमाणपत्राच्या त्या रकान्यात बँकेचे नाव घातले की इशारा येत नसे.

दोष मुख्यतः कोणाचा, यावर मतभेद आहेत. सुपरफिशने त्रुटी अनवधानाने बाहेरच्या पुरवठादाराकडून आल्याचे म्हटले. कोमोडियाचाच घटक वापरणाऱ्या इतर सॉफ्टवेअरमध्येही तोच दोष आढळल्यामुळे या म्हणण्याला काही आधार मिळतो. तरीही, विश्वसनीय साठ्यात परके प्रमाणपत्र घालून लॅपटॉप विकण्याचा निर्णय लॅपटॉप-निर्मात्याचा होता, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. लेनोव्होचे तत्कालीन मुख्य तंत्रज्ञान अधिकारी पीटर हॉर्टेन्शियस यांनी प्रारंभी ही भीती सैद्धांतिक असल्याचे म्हटले होते. किल्ली बाहेर आल्यावर ही भूमिका टिकली नाही.

निराकरण तीन टप्प्यांनी झाले आणि त्यांपैकी पहिल्या दोहोंनी मूळ त्रुटी गेलीच नाही. ग्राहकांच्या तक्रारींवरून जानेवारी २०१५ मध्ये सुपरफिशचा सर्व्हर बंद करण्यात आला. त्यामुळे जाहिराती थांबल्या, पण लॅपटॉपवरील घटक व प्रमाणपत्र जागेवरच राहिले. दुसरा उपाय म्हणजे विंडोजच्या नियंत्रण पटलातून (कंट्रोल पॅनेल) सॉफ्टवेअर काढून टाकणे. यात फसगत अशी की, सॉफ्टवेअर गेले तरी मूळ प्रमाणपत्र साठ्यात उरत असे, आणि ज्याने काळजीपूर्वक सॉफ्टवेअर काढले, त्याचा लॅपटॉपही चोरलेल्या किल्लीपुढे उघडाच राही. खरा उपाय प्रमाणपत्र व्यवस्थापक उघडून विश्वसनीय मूळ प्रमाणपत्रांतून सुपरफिशची नोंद पुसणे हा होता. सामान्य ग्राहकाने तो व्यवस्थापक एरवी कधी उघडलेला नसतो. २० फेब्रुवारी रोजी अमेरिकी सरकारच्या संगणक-आणीबाणी पथकाने इशारा प्रसिद्ध केला, मायक्रोसॉफ्टने विंडोज डिफेंडरच्या अद्ययावत आवृत्तीद्वारे सॉफ्टवेअर व प्रमाणपत्र दोन्ही काढण्यास आरंभ केला आणि लेनोव्होनेही स्वतःचे निर्मूलन-साधन उपलब्ध करून त्याची मूळ संहिता खुली केली.

फायरफॉक्सची गोष्ट वेगळी होती. हा ब्राउझर त्या काळी विंडोजचा साठा न वापरता स्वतःचा साठा ठेवी आणि तेथेही प्रमाणपत्र पोहोचले होते. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने फेब्रुवारीच्या अखेरीस दुरुस्ती पाठवली, पण लॅपटॉपवरून सुपरफिश आधी गेलेले असेल तरच ती प्रमाणपत्र पुसत असे. मधला घटक चालू असताना प्रमाणपत्र काढले, तर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ ब्राउझरला खोटे वाटले असते आणि ग्राहकाचे इंटरनेट जवळपास बंद पडले असते. काढण्याचा क्रम निराकरणात किती महत्त्वाचा असतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. कारखान्याच्या स्थितीला लॅपटॉप परत नेणे हा नेहमीचा रामबाण येथे उलट घातक ठरे, कारण पुनःस्थापनेसाठी राखून ठेवलेल्या मूळ प्रतीतच सुपरफिश समाविष्ट होते.

सप्टेंबर २०१७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन आणि अमेरिकेतील ३२ राज्यांचे महाधिवक्ते यांच्याशी लेनोव्होची तडजोड झाली. राज्यांना ३५ लाख डॉलर देण्याचे ठरले आणि पूर्वस्थापित सॉफ्टवेअरसाठी सुरक्षा-कार्यक्रम राबवून २० वर्षे त्याची त्रयस्थ तपासणी करून घेण्याचे बंधन आले.

याच वर्गातील दुसरे प्रकरण डेलचे. नोव्हेंबर २०१५ मध्ये डेलच्या लॅपटॉपांवर ‘ईडेलरूट’ नावाचे मूळ प्रमाणपत्र खासगी किल्लीसह आढळले. येथे हेतू जाहिरातीचा नव्हता. ग्राहकसेवेस लॅपटॉपचे प्रारूप चटकन ओळखता यावे, असे कारण कंपनीने दिले. निराकरणाच्या दृष्टीने हे अधिक चिवट होते, कारण केवळ प्रमाणपत्र पुसल्यास डेल फाउंडेशन सर्व्हिसेस या सेवेचा एक घटक ते पुन्हा बसवी. म्हणून आधी सेवा थांबवायची, मग तो घटक काढायचा व शेवटी प्रमाणपत्र पुसायचे, असा क्रम सांगावा लागला. २०१५ च्याच उन्हाळ्यात लेनोव्होच्या काही लॅपटॉपांवरील ‘लेनोव्हो सर्व्हिस इंजिन’ या घटकाचा प्रश्न पुढे आला. तो डिस्कवर नव्हे तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील मूलभूत सॉफ्टवेअरमध्ये, ठेवलेला असल्याने विंडोज नव्याने कोरी बसवली तरी परत येत असे, आणि त्यासाठी बायोसचीच नवी आवृत्ती चढवणे आवश्यक होते.