सीएलके१ : कात्री नव्हे, कात्रीवरचा मुकादम

‘उंदरातलं सीएलके१ हे जनुक आरएनए कापतं,’ असं विधान समजा कुणी केलं. ते चूक आहे. आरएनए म्हणजे जनुकाची नक्कल; तिच्यातले इंट्रॉन (नको असलेले तुकडे) कापून एक्झॉन (कामाचे तुकडे) जोडण्याचं काम, म्हणजे स्प्लायसिंग, स्प्लायसिओसोम करतं; आरएनए आणि प्रथिनांचा तो एक अवाढव्य संच आहे.

सीएलके१पासून तयार होतं ते कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं विकर. त्याचं मुख्य लक्ष्य एसआर प्रथिनं, म्हणजे स्प्लायसिंगचं नियमन करणारी प्रथिनं. ही प्रथिनं पेशीकेंद्रकात ठिपक्यांसारख्या साठ्यांत जमलेली असतात. फॉस्फेट चढलं की ती तिथून सुटतात आणि कोणता एक्झॉन ठेवायचा, कोणता गाळायचा, या निवडीवर प्रभाव टाकतात. फॉस्फेट जास्त म्हणजे स्प्लायसिंग जास्त, असंही नाही. योग्य वेळी ते उतरावंही लागतं.

खरी गंमत पुढे आहे. सीएलके१चा स्वतःचा आरएनएही असाच दोन तऱ्हांनी जोडला जातो. चौथा एक्झॉन गाळला गेला, तर कायनेजचा भागच नसलेलं तोकडं, निष्क्रिय प्रथिन बनतं. सक्रिय सीएलके१ वाढलं की नेमकी हीच गाळणी वाढते. जनुक स्वतःच्याच उत्पादनाला लगाम घालतं. ‘एक जनुक, एक प्रथिन’ या जुन्या समजाला इथे जागाच उरत नाही.