इंडेक्स असूनही क्वेरी का रखडते? कॅपिटल-स्मॉलची भानगड

फोनने ईमेलचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल केलं आणि लॉगिन करताना 'असा युजर नाही' आलं, की लोकांना वाटतं साइट बिघडली. पण डेटाबेसला अक्षरं दिसत नाहीत, आकडे दिसतात. आस्की या अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात कॅपिटल ए म्हणजे 65 आणि स्मॉल ए म्हणजे 97, आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस हे दोन वेगळेच धरतो. मायएसक्यूएल 8.0 हा दुसरा डेटाबेस मात्र डीफॉल्ट सेटिंगमध्ये दोन्ही सारखे धरतो.

पोस्टग्रेसवाल्यांना सगळे एकच सांगतात, तुलनेच्या दोन्ही बाजूंना लोअर, म्हणजे सगळी अक्षरं स्मॉल करणारं फंक्शन, लाव. उत्तर बरोबर येतं, पण टेबल मोठं असेल तर क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, रखडते, आणि ती का रखडते हा मला यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. इंडेक्स म्हणजे कॉलममधली मूल्यं क्रमाने लावलेलं एक झाड, बी-ट्री. दहा लाख ईमेल असले तरी वरून तीन-चार पानं (डिस्कवरचे तुकडे) उतरली की नेमकी नोंद हाती येते, कारण प्रत्येक पानावर फक्त लहान इकडे, मोठं तिकडे एवढंच ठरवायचं असतं. पण हा क्रम मूळ ईमेलचा आहे! बाइटच्या, म्हणजे त्या आकड्यांच्या, क्रमाने लावलं तर कॅपिटल झेड (90) सुद्धा स्मॉल ए च्या आधी येतो, म्हणजे तोच ईमेल कॅपिटलने लिहिला तर भलत्याच फांदीवर जाऊन बसतो. तुम्ही विचारताय लोअर केलेल्या ईमेलबद्दल आणि त्या क्रमाचं झाडच नाही, मग डेटाबेस दहा लाख ओळी एकेक उचलून, लोअर करून तपासत बसतो. म्हणून इंडेक्सच लोअर(ईमेल) वर बांधायचा, आणि तो युनिक (तेच मूल्य दुबार न घेणारा) ठेवला तर एकाच ईमेलची दोन खातीपण होत नाहीत.

'इंडेक्स टाक, फास्ट होईल' ही आपल्या धंद्यातली अंधश्रद्धाच आहे. एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी आज्ञा) चालवून बघा, तो इंडेक्स कुठल्याच क्वेरीत दिसत नसेल आणि युनिकही नसेल तर नुसता डिस्क खातोय.

बरं, लोअरही सगळीकडे सारखं नाही. तुर्कीत कॅपिटल आय चं स्मॉल रूप बिनटिंबाचं असतं, आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं नोकेस, म्हणजे कॅपिटल-स्मॉल सारखं धरणारं सेटिंग, फक्त इंग्रजीची 26 अक्षरं ओळखतं.

देवनागरीत कॅपिटल नाही म्हणून आपण सुटलो असं समजू नका. 'दऱ्या' मधला ऱ युनिकोडमध्ये (जगभरच्या लिप्यांच्या तक्त्यात) सलग एक अक्षर म्हणून लिहिता येतो किंवा र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असाही, दिसायला तोच, बाइट वेगळे. तिथे लोअरचा काही उपयोग नाही, नॉर्मलाइज, म्हणजे दोन्ही रूपं एकसारखी करणारं फंक्शन, लागतं, ते पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती 13 पासून आहे आणि इंडेक्स त्यावरही असाच बांधता येतो.